फेरफार प्रलंबित

मैंदर्गीत जमीन विकायची म्हटली तर काय काय करावं लागतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सातबारा काढायचा, चतुःसीमा बघायच्या, विसार घ्यायचा, अक्कलकोटला जाऊन दस्त नोंदवायचा. मग फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस देतात, भावकीतून एक हरकत येतेच, आणि शेवटी नाव लागतं. त्या दिवसापासून त्या जमिनीत ऊस उगवो नाहीतर कुसळं, विकणाऱ्याचा संबंध संपला. हा हक्क शेतकऱ्याला आहे, वेबसाइटवाल्याला नाही. माझी तक्रार इथून सुरू होते आणि ती मी शांतपणे मांडणार आहे. चहा सांगा.

वस्तुस्थिती अशी. मी बाजारभावाची एक छोटी वेबसाइट चालवत होतो. दुधनीची तूर आणि उडीद, सोलापूरच्या यार्डातला कांदा, झालंच तर ज्वारी. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, कारण आमच्याकडे माणूस भाव मराठीत विचारतो आणि ऐकल्यावर जे बोलायचं ते कन्नडमध्ये बोलतो. पणन मंडळ हे आकडे प्रसिद्ध करतंच. मी ते चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे मोठे करून लावायचो. नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर. जाहिरातीचे पैसे डॉलरमध्ये साठायचे आणि 100 डॉलर भरल्याशिवाय हातात पडायचे नाहीत. म्हणजे उत्पन्न नियमित नव्हतं, पण होतं. एवढं रेकॉर्डवर असू द्या.

विकायचं ठरल्यावर पहिली हरकत घरातूनच आली. आमच्या मेव्हण्यांना या धंद्यातले दोन दाखले तोंडपाठ आहेत. पहिला सबीर भाटियाचा. पुण्याच्या बिशप्स शाळेत शिकलेल्या या माणसानं जोडीदाराबरोबर 1996 मध्ये हॉटमेल सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते मायक्रोसॉफ्टला सुमारे 40 कोटी डॉलरला दिलं. दुसरा जॉश वॉर्डलचा. त्यानं आपल्या जोडीदारणीसाठी ‘वर्डल’ नावाचा शब्दांचा खेळ बनवला, ऑक्टोबर 2021 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं तो दहा लाख डॉलरच्या वर मोजून घेतला. “आणि तुम्हाला किती येणार, दाजी?” हा प्रश्न मेव्हण्यांनी भर पंगतीत विचारला. वर्डलमध्ये दिवसाला एकच कोडं असतं. माझ्याकडे रोज तूर, उडीद, ज्वारी आणि कांदा, तेही दोन भाषांत. पण हे पंगतीत सांगणार कुणाला?

असल्या वेबसाइटांचे बाजार भरतात. मेलबर्नचं फ्लिपा 2009 पासून हेच करतं. तिथला ठोकताळा साधारण असा, की महिन्याचा निव्वळ नफा काढायचा आणि त्याला चोवीस-तीसनं गुणायचं. गणित सरळ आहे. फक्त त्यात मी रात्री जागून केलेल्या कन्नड टायपिंगला कुठलाही हेड नाही. शिवाय आकडा डॉलरमध्ये मांडला की आमचा नफा असा काही दिसतो, की गुणाकार करणाऱ्यालाच संकोच वाटावा.

आता गिऱ्हाइकांविषयी. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: “चांगली चालते, तर विकताय कशाला?” बरं, चालत नाही म्हणावं, तर “मग मी घेऊ कशाला?” या दोन प्रश्नांच्या मधल्या बोळात मी कित्येक महिने उभा होतो. जमिनीच्या बाबतीत “पोरीचं लग्न आहे” एवढं म्हटलं की भागतं. तेही सांगून पाहिलं. समोरून विचारणा झाली, “वेबसाइट विकून?” एकानं गेल्या वर्षभराचे पाहणाऱ्यांचे आकडे मागवले, स्क्रीनशॉट मागवले, मग स्क्रीनशॉट खरे आहेत हे दाखवणारा व्हिडिओ मागवला, आणि सगळं मिळाल्यावर कळवलं की तो फक्त शिकत होता.

शेवटी एक खरा निघाला. परराज्यातला, तरुण, घाईतला. पैसे मधल्या तिऱ्हाइताकडे ठेवायचे आणि माल ताब्यात आल्यावर सोडायचे, अशी एस्क्रोची पद्धत जगात आहे. मी ती सुचवली. तो म्हणाला, “सर, विश्वासावर करू.” मग विश्वासानं एक रुपया पाठवला आणि पोचला का विचारलं. पोचला. मग उरलेले, दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यापर्यंत मी सर होतो, दुसऱ्या हप्त्याला दादा झालो, आणि सगळं नावावर झाल्यावर “हॅलो, सुनो”.

हस्तांतरण ही काय चीज आहे हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. वेबसाइटच्या पत्त्याचं कुलूप उघडायचं, गुप्त कोड काढून द्यायचा, होस्टिंग द्यायचं, ईमेल द्यायचा, पासवर्ड द्यायचा. पासवर्ड म्हणजे आमच्या बैलाचं नाव आणि तो घेतला ते साल. तो फोनवर एकेक अक्षर सुटं करून सांगताना मला काय वाटलं ते सोडा, पण समोरून शेरा आला: “फार कच्चा पासवर्ड आहे.” बैल असता तर त्यानं ऐकून घेतलं नसतं. पुढे या गृहस्थानं पत्ता आपल्या आवडत्या नोंदणी कंपनीकडे नेला आणि आठवड्यात ती कंपनी नावडती झाली. आता डॉट कॉमचा नियम असा, की एकदा कंपनी बदलली की 60 दिवस पुन्हा हलवता येत नाही. हा नियम आंतरराष्ट्रीय आहे. ठपका मात्र मैंदर्गीत आला.

आणि ओटीपी! पत्ता आणि होस्टिंग, दोन्हीकडे नवा नंबर रीतसर लावून झाला, तरी कुठल्या तरी खात्याच्या तळाशी माझाच नंबर शिल्लक आहे. रात्री अकराला मोबाइल वाजतो, मी सहा आकडे वाचून दाखवतो, पलीकडून फोन ठेवला जातो. आभार मानण्याची तरतूद करारात नव्हती.

इथपर्यंत मी सोसलं. पण नव्या मालकानं सुधारणा हाती घेतल्या. कन्नड रकाना काढून तिथे कर्जाची जाहिरात लावली. तुरीची अरहर केली. आणि मग क्विंटलचे भाव किलोवर आणले. तुम्हाला कदाचित यात काही वाटणार नाही. पण ज्यानं जन्मभर क्विंटलचा भाव पाहिला, त्याच्या समोर सकाळी सहाला ‘कांदा 14’ आला तर काय होईल? काय होतं ते मी सांगतो. तो उठतो आणि माझ्या दारात येतो. एक आजोबा आले, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, “एन्री इदु?” म्हणजे, हे काय? मी म्हटलं, आजोबा, मी वेबसाइट विकली. ते म्हणाले, “कांदापण विकलास काय?”

गावात आता अधिकृत मत असं आहे, की मी पैसे घेऊन कांद्याचा भाव पाडला. चहाच्या गाड्यावर, आडतीवर, लग्नाच्या मांडवात, जिथे जाईन तिथे खुलासा सादर करावा लागतो. आणि नव्या मालकाचं म्हणणं, पाहणारे कमी झाले, सबब थोडे पैसे परत द्या.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वेबसाइटलाही फेरफार लागू करावा. नोटीस नगरपरिषदेच्या फलकावर पंधरा दिवस लावावी, जुन्या मालकाचं नाव आडवी रेघ मारून कमी करावं आणि उतारा मागेल त्याला द्यावा, म्हणजे तो मला घराच्या दारावर चिकटवता येईल. हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत एकच कळकळीची विनंती: तुरीचा भाव हवा असेल तर दुधनीच्या आडत्याला फोन करा. मला करू नका.