अजून एक फेरी

नंदुरबारात घासाघीस दोन ठिकाणी बघावी. एक मिरचीच्या बाजारात, दुसरी आप्पांच्या ई-रिक्षात. बाजारात निदान दोन माणसं समोरासमोर असतात. रिक्षात आप्पा एकटे असतात आणि समोर असते बॅटरी.

आप्पा हे कुणा एकाचं नाव नव्हे. पन्नाशी ओलांडलेला, खिशाला पेनाऐवजी टेस्टर खोचणारा असा एक आप्पा प्रत्येक स्टँडवर सापडतो. बाकीचे रिक्षावाले गिऱ्हाइकाकडे बघत असतात, हा हँडलजवळच्या डबीतल्या हिरव्या कांड्यांकडे. चार कांड्या असल्या की आप्पा तुम्हाला धुळ्यालाही सोडायला तयार असतात. तीन असल्या की गावात कुठंही. दोन असल्या की ‘म्हणाल तिथं, फक्त चढ नको’. एकच उरली की मात्र त्यांची खरी प्रतिभा जागी होते.

शेवटची कांडी लुकलुकायला लागली की शहाणा माणूस घर गाठतो. आप्पा किल्ली बंद करतात. सावकाश तंबाखू मळतात, चुना चोळतात, चिमूट दाढेखाली सारतात आणि किल्ली पुन्हा फिरवतात. डबीत दोन कांड्या! “बघा भाऊ, वाढली की नाही? तिला जरा दम खाऊ द्यावा लागतो.”

वाढलेलं काहीच नसतं. सीटखाली 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकीला एक जोडून 48 व्होल्टचा संसार मांडलेला असतो. मोटर जोर मागते तेव्हा व्होल्टेज खाली बसतं, गाडी थांबली की थोडं वर येतं. साधी डबी तेवढंच मोजते. आत किती वीज शिल्लक आहे ते तिला ठाऊक नसतं. म्हणजे खोटं कुणीच बोलत नाही. डबी दिसेल ते सांगते आणि आप्पा सोयीचं तेवढं ऐकतात.

“मोटारसायकलीला रिझर्व्ह असतं,” ते मला विचारतात, “मग हिला नसेल का?” नसतं. व्होल्टेज साधारण 42 च्या आसपास उतरलं की कंट्रोलर वीज तोडतो आणि रिक्षा बसते. गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांना फिरवणारी बॅटरीगाडी म्हणजे हिची श्रीमंत चुलतबहीण. तिच्यातही बॅटरी संपत आल्याचा इशारा असतो, पण तो मिळाला की साहेब क्लबात जाऊन सरबत मागवतो. आप्पांना तशी सोय नाही. आप्पांच्या गाडीत इशाऱ्याची शिट्टीसुद्धा होती. तिची वायर त्यांनीच कापली. “गिऱ्हाईक घाबरतं.” रिव्हर्सची शिट्टी मात्र ठेवली आहे, कारण ती दुसऱ्यांना घाबरवते.

बॅटरीतल्या पाण्याचीही तीच गोष्ट. शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं गंधकाम्ल ही मूळ जोडी 1859 साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी जमवली. तिचं पाणी कमी होतं, खानदेशातल्या उन्हाळ्यात जरा जास्तच, आणि मग तिला डिस्टिल्ड वॉटर लागतं. आप्पा घरचं आरओचं ओततात. “माणसाला चालतं ते हिला का चालू नये?” मेकॅनिक सांगून दमला की त्यातले क्षार प्लेटा खातात. आप्पांनी त्याच्याशीही तडजोड केली : एक महिना त्याचं, एक महिना आपलं.

एवढी घासाघीस कशासाठी, असं मी एकदा विचारलं. आप्पांनी डबीवर बोट ठेवलं. “पहिली कांडी हप्त्याची. मधल्या दोन घरच्या. शेवटची तेवढी माझी.” रात्रभर, आठ-दहा तास चार्जिंग करून मिळालेल्या दिवसात नफा असतो तो शेवटच्या फेरीत. त्यावर मला काही बोलता आलं नाही. पण हिशेब तिथं संपत नाही. बॅटरी रोज तळापर्यंत ओढली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात आणि तिचं आयुष्य घटतं. त्या फेरीचे पैसे आप्पा आज खिशात घालतात. बॅटरी ते पुढच्या वर्षातून कापून घेते.

एकदा संध्याकाळी एका कांडीवर निघताना मी कुरकुर केली. “माथेरानचा डोंगर चढते ही रिक्षा,” आप्पा म्हणाले. हे मात्र खरं. 2022 च्या डिसेंबरात तिथं ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तेव्हापासून माथेरान आप्पांच्या जिभेवर आहे. आमचा चढ माथेरानचा नव्हता, एका नाल्याचा होता. रिक्षा त्याच्या मध्यावर बसली, आणि तीही नेमकी मिरचीच्या पथारीला लागून. लांबच लांब लाल मिरची वाळत पडलेली, वारा आमच्याच दिशेचा. मी ढकलत होतो आणि शिंकत होतो. प्रत्येक शिंकेला गाडी थोडी पुढं जात होती. पथारीवरची एक आजी कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

“तुनी गाडी बंद पडनी का रे भाऊ?”

“बंद नही पडनी माय,” आप्पा हँडल न सोडता म्हणाले, “दम खाई ऱ्हायनी.”

वर पोहोचल्यावर मी अर्धंच भाडं पुढं केलं. अर्धा रस्ता मीच गाडी आणली होती. आप्पांनी नोटेकडे पाहिलं. “भाऊ, ढकलताना तुमचं ओझं गाडीत नव्हतं, ते मी धरलं का?” हे गणित मला अजून सुटलेलं नाही. मी पूर्ण पैसे दिले.

पुढं आप्पांना चक्कर यायला लागली. मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. सिस्टरने दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि म्हणाली, “आत्ताच चालत आलात ना? पाच मिनिटं शांत बसा, मग परत बघू.” आप्पांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळून पाहिलं. सगळं वैद्यकशास्त्र त्यांच्या बाजूनं उभं राहिलं होतं.

पाच मिनिटांनी आकडा थोडा उतरला, पुरेसा नाही. डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी लिहून दिली.

“अर्धी चालेल?”

“नाही.”

“एक दिवसाआड?”

“आप्पा,” बाई म्हणाल्या, “तुमच्या गाडीला ब्रेक एक दिवसाआड चालतात का?”

आप्पा चिठ्ठी घेऊन मुकाट्यानं उठले. त्यांना भाव न करता उठताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर आलो तर अंधार पडत होता आणि डबीत एक कांडी लुकलुकत होती.

“आता सरळ घरी,” मी दरडावलं.

“घरीच, भाऊ.” त्यांनी किल्ली फिरवली, घड्याळात पाहिलं. सुरतकडची गाडी यायची वेळ झाली होती. “फक्त स्टेशनवरून जातो.”

आप्पांचं घर स्टेशनच्या बरोबर उलट्या दिशेला आहे.