मॉडूलराव

मॉडूलरावांचं खरं नाव आधारकार्डावर आहे आणि पुण्याच्या कंपनीच्या पगारपत्रकात आहे. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळात ते वापरात नाही. 'मॉडूलराव' हे नाव त्यांना टपरीवाल्यानं दिलं. कानात यंत्र घालून हा माणूस टपरीसमोर येरझारा घालतो आणि मध्येच हात उडवून "ते मॉड्यूल वेगळं काढा, आधी वेगळं काढा!" असं कुणावर तरी खेकसतो. टपरीवाल्याला आधी वाटलं, घरात वाटणी चाललीय. पोरगं गुणाचं होतं, भावकीनं नासवलं, असं तो एक-दोघांजवळ बोललाही.

२०२०च्या टाळेबंदीत मॉडूलराव एक लॅपटॉप आणि दोन जीन पँटी घेऊन गावी आले. टाळेबंदी उठली. कंपनी म्हणाली, कुठूनही काम करा. तेव्हापासून ते माळवदावरच्या खोलीतून काम करतात. अंगात वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. पाठीमागे पडदा आणि पडद्यामागे वाळत घातलेली तूर. मीटिंगमध्ये कॅमेरा जरा कलला की पुण्यातल्या मॅनेजरला तुरीचा भाव विचारायची आठवण होते.

काम काय, ते सांगायला हवं. वर्तमानपत्रं, साप्ताहिकं, दिवाळी अंक ज्यावर चालतात असं एक सॉफ्टवेअर ही कंपनी विकते. लेख लिहा, तपासा, चित्र लावा, प्रसिद्ध करा, वर्गणीदारांना मेल पाठवा, सगळं एकात. आणि 'एकात' हेच मॉडूलरावांचं दुखणं. संपादकानं 'प्रसिद्ध करा' हे बटण दाबलं की तोच कोड लेख साठवायचा, तोच वर्गणीदारांची यादी काढायचा आणि तोच एकेकाला मेल धाडत बसायचा. मेलचा सर्व्हर अडला की लेखही अडायचा. म्हणजे एका वाचकाची मेलपेटी भरलेली असली तर अख्ख्या महाराष्ट्राला अग्रलेख उशिरा. हे ऐकून टपरीवरचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले की अग्रलेखाच्या बाबतीत यात कुणाचं फारसं नुकसान दिसत नाही.

मेल हे खातं तिथून उपटून वेगळं उभं करायचं, हे मॉडूलरावांचं काम. दोन-तीन वर्षं ते हेच करत होते. यालाच ते रिफॅक्टरिंग म्हणतात आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९च्या पुस्तकाची शपथ घालून सांगतात की रिफॅक्टरिंगमध्ये आतली रचना बदलायची, बाहेरून मात्र काही म्हणजे काही बदललेलं दिसता कामा नये.

त्यांच्या वडिलांना, आबांना, हे एकदा नीट समजावून सांगण्यात आलं. आबा सोयाबीनच्या पोत्यावर बसले होते. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी तू वरीसभर काम करलालास."

"होय."

"आन् ते कुणाला दिसंना."

"दिसलं तर चुकलं समजायचं, आबा."

"आन् त्याचा पगार देतेत."

मॉडूलराव होय म्हणाले. आबा बराच वेळ शिवाराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमचं बी दिसत न्हाई. पण आमाला कुणी देत न्हाई."

मॉडूलरावांचा स्वभाव या धंद्यामुळे असा झाला की ते स्वभावानं असे म्हणून या धंद्यात गेले, यावर गावात दोन मतं आहेत. मला दुसरं पटतं. सुटं करण्याची हौस माणसात जन्मजात असावी लागते. जगात जे जे एकमेकांना चिकटलेलं आहे ते त्यांना टोचतं, आणि जे सुटं झालेलं आहे त्याच्या तारखा त्यांना पाठ असतात. १६ ऑगस्ट १९८२ला उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. त्याच ऑगस्टात तिकडे अमेरिकेत जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ हा दस्तऐवज काढला आणि मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कशी जायची, याचा एसएमटीपी नावाचा करार त्यात लिहून ठेवला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, आणि मॉडूलरावांना नेमका त्याचाच आनंद होतो.

पुढे निलंग्यातून शिरूर अनंतपाळ तालुका निघाला. तहसील आली, शिक्के आले, रांगा आल्या. हे त्यांना मान्य आहे. पण विधानसभेला शिरूर, देवणी आणि निलंगा मिळून अजूनही एकच मतदारसंघ, निलंगा. "अर्धवट रिफॅक्टरिंग," असं ते तहसीलसमोर उभं राहून म्हणतात. "तालुका सुटा केला, आमदार सामाईक ठेवला." २०२३मध्ये उस्मानाबादचं अधिकृतपणे धाराशिव झालं तेव्हा गावात बाकीचे इतिहासावर बोलत होते, यांनी एवढंच विचारलं की जुन्या नावानं हाक मारणारे किती ठिकाणी उरलेत ते कुणी मोजलं का. एसटीच्या पाट्या, बँकांचे फॉर्म, लोकांची तोंडं, असा सगळा आवाका त्यांनी बोटांवर काढला आणि शेवटी हात जोडले.

पण मॉडूलरावांचा खरा वैरी मेल नाही. 'कॉमन' नावाचा फोल्डर हा त्यांचा वैरी. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असा एक असतो. तारीख मराठीत छापायचा कोड, पैशांत स्वल्पविराम टाकायचा कोड, कुणीतरी नोकरी सोडताना ठेवून गेलेला कोड, सगळं त्यात. लेखविभाग त्याच्यावर उभा, वर्गणीविभाग त्याच्यावर उभा, मेलही त्याच्यावरच. तारखेचा कोड कुणी शिवला की वर्गणीची पावती बिघडते. डेव्हिड पार्नास यांनी १९७२मध्येच लिहून ठेवलंय की कामाच्या पायऱ्या पाहून विभाग पाडू नका. पुढं जे बदलण्याची शक्यता आहे तो एकेक निर्णय एकेका विभागाच्या पोटात लपवा. मॉडूलरावांनी हे भिंतीवर चिकटवलंय. शेजारी महादेवाचं कॅलेंडर आहे. मग ते 'कॉमन' मोडायला बसतात. लेखाचं लेखाला देतात, वर्गणीचं वर्गणीला देतात आणि शेवटी दोघांनाही लागणारं असं थोडं उरतंच. ते 'शेअर्ड' नावाच्या नव्या फोल्डरात जातं. सहा महिन्यांनी 'शेअर्ड' फुगतो. तो मोडल्यावर 'कोअर' निघतो. सध्या 'कोअर नवा' चालू आहे.

सामाईक कोडाचं भय त्यांना उगाच नाही. मार्च २०१६मध्ये एका प्रोग्रामरनं नाराजीतून आपलं 'लेफ्टपॅड' हे अकरा ओळींचं पॅकेज इंटरनेटवरच्या भांडारातून काढून घेतलं. अक्षरांच्या डावीकडे मोकळ्या जागा भरायच्या, एवढंच त्याचं काम. ते नाहीसं होताच जगभरातल्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं बांधली जाईनात. मॉडूलराव ही गोष्ट लग्नाच्या पंगतीतही सांगतात. वाढपी वरण घेऊन उभा असतो आणि हे अकरा ओळींवर असतात.

लग्नावरून आठवलं. चुलतबहिणीच्या लग्नात आमंत्रणाचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि घरच्यांनी ते देऊन टाकलं, इथंच चुकलं. मॉडूलरावांचा सिद्धांत असा: लग्नाला पाहुणे माहीत असण्याचं कारण नाही. लग्नानं फक्त जाहीर करावं की मी ठरलोय. ज्याला रस असेल त्यानं ऐकावं. त्यांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, साखरपुड्याची तारीख बदलली तेव्हा तिथं एक ओळ टाकली आणि काम झालं म्हणून लॅपटॉप मिटला. आत्या त्या ग्रुपात नव्हती. आत्याकडे साधा फोन आहे. ती जुन्या तारखेला, नवी नऊवारी नेसून, एसटीनं उदगीरहून आली आणि दाराला कुलूप बघून शेजारच्यांकडे बसली.

"आत्या, निरोप पाठवणं हे साखरपुड्याचं काम नव्हतं," मॉडूलरावांनी समजूत घातली.

"मग कुणाचं रं मुडद्या?" आत्या म्हणाली. लग्नात तिनं आहेर घेतला नाही, घातलाही नाही. आबांनी दोनदा उदगीरला जाऊन पाया पडून प्रकरण मिटवलं. हे काम कुणाच्या विभागात येतं, ते आबांनी विचारलं नाही.

आता त्यांच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर अन्याय व्हायचा. गूगलनं फेब्रुवारी २०२४पासून घाऊक मेल पाठवणाऱ्यांना नियम लावले. दिवसाला पाच हजारांच्या वर मेल जीमेलच्या पत्त्यांवर जात असतील तर एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्ही ओळखखुणा लावा. वार्तापत्र नको असलेल्याला एका टिचकीत बाहेर पडू द्या. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मेल दहा ठिकाणी शिंपडलेली होती त्यांची धांदल उडाली. मॉडूलरावांनी तोवर मेलचं खातं सुटं केलेलं होतं. त्यांनी एकाच ठिकाणी हात घातला आणि दुपारी ते घरणी धरणाकडं फिरायला गेले. वर्डप्रेस या प्रकाशनाच्या सॉफ्टवेअरचं एकच मेल फंक्शन, घोस्ट या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधली साध्या मेलची वेगळी आणि वार्तापत्राची वेगळी वाट, हे मेल सुटी ठेवण्याचे दाखले त्या दिवशी त्यांनी टपरीवर सगळ्यांना ऐकवले, आणि चहाचे पैसेही स्वतः दिले. सगळ्यांचे. एकत्र. हे कुणाच्या ध्यानातून सुटलं नाही.

त्याआधीचं वर्ष मात्र वाईट होतं. मेल सुटी केली म्हणजे काय केलं, तर लेखविभागानं मेल पाठवायची नाही, फक्त रांगेत एक चिठ्ठी टाकायची: अमुक लेख निघाला. मेलविभाग सवडीनं चिठ्ठी उचलेल आणि मेल धाडेल. सर्व्हर अडला तर चिठ्ठी रांगेत राहील, नंतर पुन्हा प्रयत्न होईल. आता लेख अडायचं कारण नाही. पण मेल गेली आणि 'गेली' असा उलटा निरोपच वाटेत हरवला, तर? रांगेला वाटतं, गेली नाही. ती पुन्हा पाठवते. जानेवारीत उजेडला महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते. देवाच्या जत्रा सगळीकडे, गांधीबाबांची तेवढी आमच्या तालुक्यात. मॉडूलराव पाळण्यात बसलेले असताना फोन वाजला. एका साप्ताहिकाच्या वर्गणीदारांना एकच मेल तीन-तीनदा गेली होती, मजकूर होता: 'वर्गणी संपली, कृपया भरा.' काही सभ्य माणसांनी तीनदा भरली. पाळणा थांबेना आणि मॉडूलराव वरून ओरडत होते, "रांग बंद करा! रांग बंद करा!" खाली तिकिटाच्या खिडकीवर लोकांना वाटलं, आपल्यालाच म्हणतोय.

नंतर त्यांनी प्रत्येक चिठ्ठीला नंबर दिला. एका नंबरची मेल एकदाच. पण रांग कुणाची, यावर पुण्यात भांडण पेटलं. लेखवाले म्हणत आमची, वर्गणीवाले म्हणत आमची. मॉडूलराव दोन रांगा करायला निघाले होते. त्या रात्री शेतीपंपाची लाईट उशिरा येणार होती, आबा मोटार चालू करायला जागे होते.

"आरं, आमची आन् धाकल्याची वाटणी झाली," आबा म्हणाले, "रान फोडलं, बैल वाटले. हीर कशी वाटावी? हीर सामाईक ठिवली आन् पाळ्या लिव्हून घेतल्या. आमची पाळी, त्येची पाळी. कुणाच्या रानात काय पेरलंय, त्याचं हिरीला काय?"

मॉडूलराव रात्रभर जागे राहिले. सकाळी कंपनीकडे जी टिपणी गेली तिचं नाव 'विहीर'. पुण्यात तीन विभागांनी तिच्यावर सही केली आणि हैदराबादच्या एका माणसानं तिच्यावर भाषण दिलं. त्या भाषणात आबांचं नाव नव्हतं. मॉडूलराव म्हणाले, नाव घातलं असतं तर टिपणी आबांना बांधली गेली असती.

आज त्या सॉफ्टवेअरमध्ये मेल सुटी, वर्गणी सुटी, लेख सुटे. कुठलाही भाग काढा, दुसऱ्याला धक्का नाही. फक्त कुठला भाग कुठं ठेवलाय आणि कुणाची पाळी कधी, हे जगात एकट्या मॉडूलरावांना माहीत आहे, म्हणून कंपनी त्यांना रजा देत नाही. पोळ्याला पुण्याहून फोन, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला फोन. येळवशीच्या दिवशी सगळं शिरूर रानात आंबील पीत होतं आणि हे कोपीमागं उभे राहून कुणाला तरी रांगेचा नंबर सांगत होते. आबांनी भज्जीचा द्रोण त्यांच्या हातात नेऊन दिला, कारण दुसरं कुणी उठलं नाही.

तेव्हा वाचकहो, एखाद्या दिवाळी अंकाची किंवा साप्ताहिकाची मेल तुम्हाला दोनदा आली तर संपादकाला शिव्या घालू नका. त्या बिचाऱ्याचा त्यात हात नसतो. एक वाचा, एक पुसा. वर्गणी मात्र एकदाच भरा.