‘इच्छा नसल्यास’
१९२४च्या बेळगाव काँग्रेसने, खुद्द गांधीजी अध्यक्ष असताना, सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी सुतात ठरवली: दरमहा २००० वार, स्वतः कातलेलं. आजारपण किंवा अनिच्छा असेल तर दुसऱ्या कुणी कातलेलंही चाले. हा ‘दुसरा कुणी’ बऱ्याच घरांत चुलीपाशी सापडला असता, असा आपला माझा वहीम. भाकरी तव्यावर, दूध उतू जायच्या बेतात आणि ओसरीवरून पुकारा: ‘अगं, माझं सूत झालं का?’ टकळी तर येता-जाता फिरते. ती कामात धरायचीच नाही! पुढच्याच वर्षी पाटण्याला सुताऐवजी चार आण्यांची सोय झाली, मंडळी सुटली. भाकऱ्यांना मात्र तसा पर्याय कुठल्याच अधिवेशनात मांडला गेला नाही.