गुहागर, व्हाया टायमिंग चेन

कुंभार्ली घाटाचं सौंदर्य वर्णन करण्याचा मला अधिकार नाही. पावसाळा नुकताच सरला होता, डोंगर हिरवेगार होते, धबधबे अजून कोसळत होते म्हणे. मागच्या सीटवरून आत्या दर वळणाला ‘अगं बाई, ते बघा!’ म्हणत होती. पुढे बसलेले काका आणि मी मात्र डॅशबोर्डवरचा एक लाल दिवा बघत घाट उतरलो. वळणावर क्लच दाबला की दिवा पेटायचा, जरा रेस केलं की विझायचा. तेलाच्या झारीचं चित्र आणि तिच्या तोंडाशी एक थेंब. आत्याने पुढे वाकून चष्मा सारखा केला आणि म्हणाली, “शुभशकुन आहे हो. कुलदैवताला निघालो आणि समई लागली.”

“समई नाही ती, ऑइल प्रेशर आहे,” काका म्हणाले. “बाजूला घे. बंद कर. आता ही एक मीटरही पुढे न्यायची नाही.”

काका म्हणजे आत्याचे यजमान. एस. टी.च्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. निवृत्त ते झाले, त्यांचा आवाज अजून ड्यूटीवर आहे. मी गाडी बंद केली. गुहागरचा व्याडेश्वर तिथून पुढे चिपळूण ओलांडून होता, आणि आम्ही घाटाखाली एका फणसाच्या झाडाशी.

खरं तर गाडी पुण्यातच बोलायला लागली होती. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद उजव्या बाजूने खळ्ळखळ्ळ, मग गप्प. यावर मतं भरपूर मिळाली. आमच्या गॅरेजवाल्याने ‘डिझेल आहे साहेब, बोलणारच’ म्हणून निकाल दिला. सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या मते डिझेलमध्ये पाणी होतं. बायकोचं म्हणणं, डिकीत माझ्या क्रिकेटच्या स्टंप्स आहेत त्या वाजतात. तिने स्टंप्स काढून माळ्यावर टाकल्या. आवाज गाडीतच राहिला.

नारळ घेऊन चाललेल्या एका टेम्पोला दोर बांधून आम्ही बहादूरशेख नाक्यावर प्रवेश केला. नाक्यावरच्या गर्दीत दोराने बांधलेली गाडी पाहून लोक आपुलकीने सल्ले देतात, हे चिपळूणचं वैशिष्ट्य नोंदवून ठेवतो. नाक्यापलीकडच्या एका गॅरेजात टेम्पोने आम्हाला सोडलं. भिंतीवर पान्यांचा बोर्ड, आणि बोर्डाच्याही वर, माणूसभर उंचीला, ऑइलपेंटने ओढलेली एक रेघ: २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी त्या दिवशी कुठवर आलं होतं त्याची ती खूण. मेस्त्री म्हणाले, “ह्याच्याखालचं सगळं नवीन हाय साहेब. फक्त मी जुना.”

तपासणी बघण्यासारखी होती. मेस्त्रींनी एका लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या उजव्या कुशीला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मला म्हणाले, “मारा. लगेच बंद करा.” मी स्टार्टर मारला. खळ्ळखळ्ळ झालं. बंद केला. मेस्त्रींनी डोळे उघडले नाहीत.

“पट्टी गेली.”

“कुठली पट्टी?” काका.

“चेनची. गाईड.”

आता हे प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा मुक्काम त्याच्यावर झाला. इंजिनात खाली क्रँक फिरतो, वर कॅमशाफ्ट. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक व्हायची, हा हिशेब टायमिंग चेन सांभाळते. क्रँक मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. त्या उघडझापीत पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्हने मिटलेलं असायला पाहिजे. नसला, तर दोघांची गाठ पडते, आणि त्या भेटीचा खर्च मालक करतो. एवढ्या वेगात धावणारी चेन फडफडू नये म्हणून एका बाजूला स्थिर गाईड आणि दुसऱ्या बाजूला सरकती पट्टी. तिला मागून टेन्शनर दाबून धरतो, तोही तेलाच्या दाबावर. स्टार्ट करताना तेल वर चढेपर्यंत चेन जरा सैल असते. पट्टी घासली की तेवढ्यात ती खडखडते. आमच्या पट्टीने घासण्याचा टप्पा मागे टाकून तुकडे पाडायला घेतले होते. तुकडे खाली चेंबरमध्ये, तेथून तेलाच्या जाळीवर. जाळी तुंबली, प्रेशर पडलं, प्रेशर पडलं म्हणून टेन्शनर ढिला, टेन्शनर ढिला म्हणून चेन आणखी मोकाट.

“आमच्या लेलँडला सगळं गिअरवर,” काका म्हणाले. “चेन सायकलला असते.”

गाडीच्या पुस्तकात मी शोधलं. रबरी टायमिंग बेल्ट असता तर अमुक किलोमीटरला बदला असं छापलेलं असतं, लोक कुरकुरत का होईना बदलतात. चेनीबद्दल लिहिलं होतं की ती इंजिनाच्या आयुष्यभरासाठी आहे. इंजिनाचं आयुष्य किती, ते पान मला सापडलं नाही.

पुणे ते चिपळूण या प्रवासात वर्णन करण्यासारखं फार काही घडत नाही. बॉनेट ते गाईड हा प्रवास मात्र दुर्गम आहे आणि त्यावर मराठीत फारसं लेखन झालेलं नाही. वाटेत प्रथम उजवं पुढचं चाक लागतं, ते काढायचं. मग मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक, मग फॅनबेल्ट. इथून चढ सुरू होतो. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक लावून ते तोलून धरायचं, कारण यापुढे उजवं माउंटिंग सुटतं आणि इंजिन अधांतरी राहतं. वरून टॅपेट कव्हर, खालून चेंबर. आणि मध्ये क्रँक पुलीचा बोल्ट.

या बोल्टाशी अर्धी दुपार गेली. मेस्त्रींनी गोटी पाना लावला, पान्यात टॉमी, टॉमीवर माणसाच्या उंचीचा पाइप. पाइपच्या टोकाला बारक्या नावाचा पोऱ्या लोंबकळला. बोल्ट ढिम्म. बारक्याच्या जोडीला मी लोंबकळलो. ढिम्म. काकांनी दापोडीच्या आठवणी सांगितल्या, त्यानेही सुटेना. शेवटी मेस्त्रींनी आम्हाला बाजूला केलं, पाइपच्या टोकावर तळहात ठेवला, एकदा आत्याकडे बघितलं आणि अंगाचा सगळा भार एका झटक्यात सोडला. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. आत्याने ‘व्याडेश्वरा!’ म्हणून डोळे मिटले. बोल्ट सुटला होता.

“हा मोडला असता ना,” मेस्त्री कपाळ पुसत म्हणाले, “तर दिवाळी इथंच केली असतीत.”

चेंबर उतरल्यावर जाळीवरचे तुकडे निघाले. काळपट तपकिरी, वाळलेले, कडा झिजलेल्या. मेस्त्रींनी ते डब्याच्या झाकणात काढून ठेवले आणि चहाला गेले. आत्याने झाकणात डोकावून बारक्याला विचारलं, “आमसुलं घरची का रे?” बारक्या बिचारा हो म्हणाला. वेळीच बायकोने तिच्या हातातला तुकडा काढून घेतला. मग काका झाकण घेऊन बसले आणि तुकडे जुळवून पट्टी पूर्ण भरते का ते बघू लागले. हा त्यांचा पोरखेळ नव्हता. तुकडा कमी भरला तर तो इंजिनात कुठेतरी आहे, असा त्याचा अर्थ. एक तुकडा खरंच कमी भरला. तो तेलाच्या वाटेतल्या एका कोपऱ्यात बारक्याच्या करंगळीला सापडला. त्यानंतर काका बारक्याला ‘अहो-जाहो’ करू लागले.

नवी पट्टी एकटी बसवायला मेस्त्री तयार होईनात. चेन, टेन्शनर, दोन्ही पट्ट्या, स्प्रॉकेट असं सगळं किट हवं. “एवढ्या आत पुन्हा कोण जाणार साहेब? तुम्ही जाल, मी नाय.” यावर वाद घालणं अवघड होतं. चिपळुणात लोकल किट हजर होतं, ओरिजनल पुण्याहून मागवायचं. काकांनी ‘लोकल’ हा शब्द ऐकूनच चष्मा काढला, त्यामुळे ओरिजनल ठरलं. पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालं आणि आम्ही आलो त्याच कुंभार्ली घाटाने, आमच्यासारखं कुठेही न थांबता, सकाळी नाक्यावर उतरलं.

दरम्यान बायकोने चिपळूण बघून घेतलं. परशुराम झाला, गोवळकोट झाला, वाशिष्ठीच्या खाडीत होडीतून मगरी झाल्या. रोज संध्याकाळी ती लॉजवर येऊन काय काय पाहिलं ते सांगायची, आणि मग आम्ही काय पाहिलं ते काका सांगायचे. आत्याला मगरींपेक्षा क्रँकचं वर्णन जास्त भावे; मगरी नुसत्याच पडून होत्या म्हणे.

जोडणीच्या दिवशी गॅरेजला सभेचं रूप आलं. क्रँक आणि कॅम पिना घालून लॉक केले. चेनीच्या काही कड्या वेगळ्या रंगाच्या असतात. त्या स्प्रॉकेटच्या खुणांवर नेमक्या बसवायच्या. मेस्त्रींनी खुणेवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका दिला आणि म्हणाले, “फोटो काढून ठेवा, नंतर भांडण नको.” माझा फोन चार्जिंगला होता, म्हणून आत्याच्या फोनवर काढला. मग पिना उपटून मेस्त्रींनी पान्याने क्रँक हाताने फिरवला, दोन पूर्ण फेऱ्या. इंजिन स्टार्ट करण्याआधी हे करायचंच असतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टन भेटणारच असतील तर हळू भेटावेत. कुठे अडलं नाही. पण काका ताडकन उठले.

“थांबा! रंगीत कडी खुणेवरून सरकली. एक दात चुकलाय.”

सभा चिडीचूप. मेस्त्रींनी शांतपणे हात पुसले. “कडी सरकणारच काका. चेनीच्या कड्या वेगळ्या, दात वेगळे. दोन फेऱ्यांत कडी जागेवर येत नाय, कैक फेऱ्यांनी येते. कडी फक्त बसवताना बघायची. आता खूण खुणेला बघा.” आणि त्यांनी लॉकची पिन पुन्हा भोकात घातली. ती सटकन आत गेली. काकांनी स्वतः बाहेर काढून स्वतः घालून बघितली. पुन्हा सटकन. “गिअरला ही भानगड नसते,” एवढं म्हणून ते बसले.

टायमिंग कव्हरला सिलिकॉन पेस्ट लावल्यावर ती सुकायला आणखी एक रात्र. मेस्त्रींनी घाई करायला साफ नकार दिला. सकाळी काकांच्या देखरेखीखाली नवं फाइव्ह डब्ल्यू थर्टी तेल ओतलं, लाल दिवा पेटला, विझला, आणि विझलेला राहिला. बिलात सगळ्यात स्वस्त गोष्ट ती पट्टी निघाली. मी पैसे दिले, आत्याने बारक्याला वेगळे दिले आणि दुपारपर्यंत आम्ही गुहागरात व्याडेश्वरासमोर होतो.

दर्शन घेऊन बाहेर येताच आत्याने कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘व्याडेश्वर चरणी’. घाईत बोट एक फोटो अलीकडे पडलं होतं. काळंशार, तेलाने न्हालेलं, गोल, मधोमध पिवळा ठिपका. नमस्कारांची रांग लागली. नाशिकच्या मावशींनी गंध सुरेख रेखलंय असं कळवलं. इतक्या जवळून दर्शन कधी झालं नव्हतं, असं बोरिवलीहून आलं. न्यू जर्सीहून आतेभावाने तेवढी शंका काढली, ‘आई, तिथे अभिषेक तेलाचा असतो का?’

आत्या चपला शोधत होती, म्हणून उत्तर काकांनी टाइप केलं: ‘हो. फाइव्ह डब्ल्यू थर्टी.’