पांडवांची रात्रपाळी

आर्मेनियातल्या गेघार्ड मठाचे फोटो काकांना मुलानं येरेवानहून पाठवले आणि आमचा रविवार कामाला लागला. डोंगर कोरून केलेलं देऊळ, आत वाहता झरा! "ह्यासाठी विमानाचं तिकीट?" काका म्हणाले. "आपल्या गगनबावड्यात आहे की!" बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर सहलीला जात नाहीत, पाहणीला जातात. मी डबे धरायला.

कळ्यापर्यंत नुसता पाऊस होता. पुढं त्यानं गगनबावड्याच्या लौकिकाला साजेसा जोर धरला. पळसंब्याला ओढ्यात उतरलो. रामलिंगापाशी अख्ख्या कातळातून कोरलेली एकाश्म देवळं आहेत. गेघार्डला झरा देवळात शिरलाय, इथं देऊळच पाण्यात शिरलंय. काकांनी कातळावर छत्रीची मूठ आपटली. "जॉइंटच नाही. गळंल कुठनं?" तेव्हा त्यांच्या टोपीतून थेंब थेंब नाकावर गळत होता.

घोंगडीची खोळ घेऊन म्हशींमागं निघालेल्या आजींना त्यांनी अडवलं. "कुणी केलं हो हे?"

"पांडवांनी. एका रातीत."

"रात्रपाळी? मग भीम जेवला कधी?"

"जेवला नसंल, म्हणून तर अर्धं ऱ्हायलंय," म्हणून आजी म्हशींमागं गेल्या.

काका गप्प झाले. गेघार्डमध्ये तेराव्या शतकातल्या गाल्झाक नावाच्या कारागिरानं स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, हे मुलानं कळवलं होतं. "मी जन्मभर मोऱ्या बांधल्या," काका गाडीत पुटपुटले, "पाटी प्रत्येक वेळी मंत्र्याची."

गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे, गैबी पिराचा दर्गाही आहे. दोन्ही आम्हाला हात लावण्याइतके जवळ गेल्यावर दिसले, एवढं धुकं. गड शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बांधला, असं मी वाचून दाखवलं. "एकट्यानं?" काका. पुढं बावडा रामचंद्रपंत अमात्यांकडं आला, 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी गड पाडला. "बघ! पाडणाऱ्याचं साल पक्कं. दगड वाहणाऱ्याचं नावसुद्धा नाही."

खाली कोकण दिसतं म्हणतात. आम्ही त्या दिशेला आदरानं उभे राहिलो.

स्टँडजवळ भजी खाताना येरेवानचा फोन आला. काय काय बघितलं?

"धुकं," काका म्हणाले. "पण फिनिशिंग एक नंबर! कुठं भेग नाही."