कोशिंबिरीचा तास कसा घ्यावा
(नवख्या शिक्षकांसाठी)

वार शनिवार निवडावा. त्या दिवशी दप्तर नसते, म्हणजे पिशवीतून काकडी आणायला हात मोकळे असतात. मात्र 'प्रत्येकाने काहीतरी आणा' असे मोघम सांगू नये. तसे सांगितल्यास वर्गभर काकड्या येतात आणि एकजण न सोललेला नारळ आणतो. आधी गट पाडावेत, मग कोणी काय आणायचे ते वहीत लिहून द्यावे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 50 ग्रॅम भाज्या धरल्या आहेत, सहावी ते आठवीला 75 ग्रॅम. त्या हिशेबाने पाचवीच्या 30 मुलांना दीड किलो भाजी लागते. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. गणिताचाही तास झाल्याची नोंद करता येते.

मग कागदावर आराखडा. लग्नात पाहिलेले टोमॅटोचे गुलाब आणि गाजराचे पोपट मुले हटकून काढतात. काढू द्यावेत, फक्त कागदावर. नियम एवढाच: एक जिन्नस कुरकुरीत, एक आंबट, एक पोटाला आधार देणारा, म्हणजे भिजवलेली मूगडाळ, मोडाची मटकी किंवा दाण्याचे कूट. मटकीवर लिंबू पिळायचेच, कारण 'क' जीवनसत्त्वामुळे तिच्यातले लोह अंगी लागते. गाजराला तेलाची फोडणी हवी. त्यातले कॅरोटीन स्निग्धाशिवाय नीट शोषले जात नाही. 'आरोग्य म्हणजे बिनतेलाचे' असे सांगणारे पालक आले, तर त्यांना कांदा चिरायला बसवावे.

लहानांच्या हाती सुरी देऊ नये. त्यांनी कोथिंबीर निवडावी, कूट घालावे. मोठ्यांना किसणी चालते, पण शेवटचा तुकडा किसायचा नाही, खायचा. हा नियम एकदा सांगितला की पाठ होतो आणि शेवटचे तुकडे फारच मोठे उरू लागतात.

काकडीचा कडूपणा सहसा देठाच्या बाजूला असतो. तेवढा काप काढून चाखले की भागते. तरी टोक घासून फेस काढायचा विधी बंद करू नये. त्याने कडूपणा जातो की नाही हा वाद बाजूला ठेवा, दहा मुले तेवढा वेळ गप्प बसतात. बीट पांढऱ्या गणवेशांपासून लांब किसावे.

आता मीठ, म्हणजे या तासाचा गाभा. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असते आणि मीठ ते बाहेर ओढून घेते. घरी हे सांभाळता येते, कारण पाने वाढल्यावर घरात कोणी भाषण करत नाही. शाळेत प्रमुख पाहुणे असतात. ते येईपर्यंत मिठाचा डबा मॉनिटरच्या ताब्यात द्यावा. गाडी दिसली तरी घालू नये, सत्कार झाला तरी घालू नये, 'शेवटी एकच सांगतो' असे ऐकले तर मुळीच घालू नये. भाषणाआधी मीठ पडले, तर भाषणानंतर कोशिंबिरीऐवजी सार वाढावे लागते. आभार मानून झाले की मीठ, त्यावर फोडणी, आणि लगेच पंगत.

मूल्यमापनाच्या तक्त्यात रंगसंगती, मांडणी, स्वच्छता, सहभाग असे रकाने आखलेले असतात. चवीचा रकाना पेनने आखून घ्यावा. पाहुण्यांचे 'वा, छान!' त्यात धरू नये, ते प्रत्येक पातेल्याशी तेच म्हणतात. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला किती मुले आली ती मोजावीत, आणि त्यातून ज्या गटाचे पातेले त्याच गटाची मुले वजा करावीत.