जास्त उत्पन्न कुणाचं?

आमच्या मराठवाड्यात कर्तबगार माणसाच्या स्वतःच्या नावावर सहसा काही नसतं. मोटारसायकल मेव्हण्याच्या नावावर, प्लॉट बायकोच्या, आणि बँकेतली पावती पोराच्या. माणूस स्वतः नावानिशी उरतो तो सोसायटीच्या कर्जापुरता. ‘पोराच्या नावावर टाका’ हा सल्ला नांदेडच्या मोंढ्यात, लातूरच्या गंजगोलाईत आणि या दोहोंमधल्या एसटीत फुकट मिळतो. पोरगं अजून रांगत असलं तरी अडत नाही. सातबारावर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहून पालकाचं नाव घालतात. अज्ञान पालन कर्ता. पोरगं अज्ञान आणि बाप सज्ञान, असं तलाठी बिनदिक्कत लिहून मोकळा होतो. घरातली वस्तुस्थिती बघायला तो काही येत नाही.

सरकारच्या हे लक्षात आलं नसेल असं समजू नका. १९६१ च्या सिलिंगच्या कायद्याला भिऊन लोकांनी पोरं, पुतणे, भाचे, प्रसंगी सालगडीसुद्धा जमीनदार केले. मग १९७५ मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि नवरा, बायको, अज्ञान मुलगे व अज्ञान अविवाहित मुली मिळून एकच ‘कुटुंब घटक’ धरला गेला. जमिनीचं हे झालं. पैशाची पळवाट मात्र बराच काळ उघडी होती. भागीदारी कायद्यात अज्ञान मुलाला पेढीच्या नफ्यात घेता येतं, त्यामुळं देशभर कितीतरी व्यापारी दुपट्यात गुंडाळलेले होते. त्या नफ्यावर आधीच नजर होती; बाकीचं उत्पन्न १९९२ च्या अर्थसंकल्पात सापडलं. चेलय्या समितीनं सुचवलं आणि मनमोहनसिंगांनी नियम आणला, की अज्ञान मुलाचं उत्पन्न आई-बापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवायचं. कायदा तेव्हापासून इतक्या सरळ भाषेत हे सांगतोय आणि आमचे लोक तेव्हापासून पोराच्या नावावर टाकतायत. दोघंही आपापल्या जागी ठाम.

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, हे अशा ठाम लोकांचे अध्वर्यू. त्यांनी उभी हयात लातूरच्या आडत बाजारात मुनीमकी केली. तूर, हरभरा, सोयाबीन यांचे भाव वर-खाली झाले, आडते बदलले, पण मामांची कानावरची पेन्सिल हलली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी नातवाच्या, म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या नावानं दोन लाखांची पावती केली. सात टक्के व्याज, वर्षाचे चौदा हजार. पावती करून झाल्यावर त्यांचा फोन आला.

“जावईबापू, नातवाच्या नावानं टाकलंय बघा. टॅक्सची झंझटच नाही. सहावीतल्या पोराला कोण विचारलालाय?”

विचारणारा आमचा सीए निघाला.

त्याचं ऑफिस नांदेडला वजिराबादेत आहे. जुलैत तिथं गेलं की जिन्यापासूनच फायली लागतात. नाडी बांधलेल्या, नाडी सुटलेल्या, आणि एका फायलीवर चहाचा कप. आत सीए दोन स्क्रीनसमोर बसून तिसऱ्या माणसाशी फोनवर बोलत असतो. ३१ जुलै जवळ आली की त्याच्या चेहऱ्यावर बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याचे भाव येतात. त्यानं माझ्या पत्नीचा फॉर्म सोळा चाळला, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, “मुलांच्या नावावर काही?”

मी पावतीचं सांगितलं. “मग हे व्याज तुमच्यापैकी एकाच्या रिटर्नमध्ये घ्यावं लागेल. दोघांत जास्त उत्पन्न कुणाचं?”

आता हा प्रश्न चारचौघांत विचारायचा असतो का? खोलीत आणखी तीन पक्षकार होते. एक खताचा व्यापारी, एक निवृत्त तहसीलदार आणि एक नुसतेच बसलेले. तिघांनीही एकदम मान वर केली. मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि घेतलेल्या तासाचे पैसे बिल निघालं तर. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिचा पगार शालार्थ प्रणालीतून येतो, नुसता येत नाही, वाढत येतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं. पंगतीत पहिलं ताट मला, पत्रिकेवर पहिलं नाव माझं, घरपट्टीची पावती माझ्या नावानं. आणि इथं एक मनुष्य कॉम्प्युटरवर बोट ठेवून विचारतोय, दोघांत जास्त कोण.

“तिचं,” मी म्हणालो.

“किती जास्त?”

“ते लागतं का?”

“नाही, सहज विचारलं.”

खताच्या व्यापाऱ्यानं मान खाली घातली. तहसीलदारांनी घातली नाही.

या नियमात आणखी एक मेख आहे. एकदा मुलाचं उत्पन्न एका पालकाकडं मिळवलं, की पुढच्या वर्षी दुसऱ्याचं जास्त झालं तरी ते पहिल्याकडंच राहतं. अधिकाऱ्याला तसं करणं गरजेचं वाटलं आणि त्यानं पालकांना बाजू मांडायची संधी दिली, तरच बदल. म्हणजे उद्या शासनानं मला कायम केलं, थकबाकीसह पगार दिला, तरी प्राप्तिकर खात्याच्या दप्तरी आमच्या घरातली कर्ती व्यक्ती तीच. बँकेत त्या पावतीवर पालक म्हणून सही माझी आहे. सही करणारा पालक वेगळा आणि पैसे भरणारा पालक वेगळा. खरं तर आमच्या घरात हे पहिल्यापासून असंच चालत आलंय.

“पण मुलामागं दीड हजाराची सूट असते ना?” तहसीलदारांनी मध्येच तोंड घातलं. निवृत्त झाले तरी माहिती पक्की.

असते. आणि या दीड हजाराची कथा मला सीएपेक्षा तहसीलदारांनी रंगवून सांगितली. हा नियम आला तेव्हा दर मुलामागं १,५०० रुपये माफ होते. त्या वर्षी साधी करमाफीची मर्यादा होती २८,००० रुपये. ती मर्यादा वाढत वाढत नव्या पद्धतीत चार लाखांवर गेली. मुलाचे दीड हजार तिथंच. सायकल, वह्या, रिक्षा, ट्यूशन, सगळं वाढलं, आणि लातूर पॅटर्नच्या गावात ट्यूशन कुठवर वाढते हे मी सांगायला नको. दीड हजारात हल्ली पोराचं दप्तर येतं, बाटली वेगळी घ्यावी लागते. त्यातही ही सूट फक्त जुन्या करपद्धतीत. पत्नी नव्या पद्धतीत असल्यामुळं तेही गेले.

“१ एप्रिल २०२६ पासून तर अख्खा कायदा नवा आला,” सीए म्हणाला. “१९६१ चा गेला, २०२५ चा आला.”

“मग?” मी आशेनं विचारलं.

“कलमांचे आकडे बदलले. आई-बाप तेच.”

मग त्यानं गणित मांडलं, आणि ते गणित मामांना सांगावं लागणार या विचारानं मला खुर्चीतच घाम फुटला. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य. पगारदाराला पंचाहत्तर हजारांची वजावट वेगळी. ती जाऊन पत्नीचं उत्पन्न येत होतं ११,९८,०००. काठावर, पण आत. इतक्या वर्षांची नोकरी, त्यात एका ठिकाणी कर शून्य दिसणं म्हणजे काय असतं ते शिक्षकालाच कळतं. त्यात चिरंजीवांचे चौदा हजार मिळवले: १२,१२,०००. बारा लाखांची वेस ओलांडली. पट्ट्यांप्रमाणं कर निघतो ६१,८००. पण कायद्यालाही थोडी लाज आहे, म्हणून वेशीच्या बाहेर जेवढं पाऊल पडलं तेवढाच कर घेतात. बारा हजार वर गेले, तर कर बारा हजार. त्यावर चार टक्के उपकर, चारशे ऐंशी.

म्हणजे मामांनी नातवाला दिलेल्या चौदा हजारांतून बारा हजार चारशे ऐंशी सरकारनं घेतले आणि नातवाला खाऊला राहिले एक हजार पाचशे वीस.

“दीड हजार म्हणत होते ना,” तहसीलदार म्हणाले, “मिळाले की. वर वीस रुपये.”

घरी आल्यावर पत्नीनं शांतपणे ऐकून घेतलं. कर ती भरणार होती, त्यामुळं रागवायचा हक्क तिचा होता; तो तिनं वापरला नाही. नुसतं म्हणाली, “म्हणजे तुझ्या सीएच्या ऑफिसात माझं उत्पन्न जास्त असल्याचं लिहून आलास?” आणि हसत हसत तिनं शेजारच्या काकूंना फोन लावला.

लेकीला मात्र ही सगळी चर्चा आपल्यावर शेकणार असं वाटलं. ती दहावीत आहे आणि मेंदी काढते. नुसती काढते म्हणणं अन्याय होईल. वस्त्रगाळ पावडर, निलगिरीचं तेल, साखर, रात्रभर भिजवलेला लगदा, सेलोफेनचे घट्ट वळलेले कोन. लग्नसराईत आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याला जागा नसते. बोटाच्या पेरावरची जाळी ती श्वास रोखून भरते, आणि तेवढ्या वेळात कुणी ‘पाणी दे गं’ म्हणालं तर घरात भांडण. नवरीचा दर वेगळा, करवलीचा वेगळा, ‘नुसतं जरा गोल काढ’ म्हणणाऱ्या मावश्यांचा सगळ्यात जास्त. गेल्या हंगामात तिनं अठरा हजार जमवले.

“माझेपण आईच्यात धरणार?”

नाही, हे सांगताना मला फार बरं वाटलं. कायद्यात ही एक उमदी जागा आहे: मुलानं अंगमेहनत करून, किंवा स्वतःचं कसब, कला, खास ज्ञान वापरून जे कमावलं, ते त्याचं स्वतःचं. त्यावर आई-बापांचा शिक्का नाही. (अपंगत्वाच्या कलमात बसणाऱ्या मुलांचं उत्पन्नही त्यांचंच राहतं.) २००८-०९ च्या लिटिल चॅम्प्समध्ये आमच्या लातूरचा रोहित राऊत गायला, तेव्हापासून या भागात दर गल्लीला एक गाणारं पोर तयार होतंय, त्यातल्या कुणाला मानधन मिळालं, तर ते त्या पोराच्या गळ्याचं. लेकीचे अठरा हजार तिच्या बोटांचे. चार लाखांच्या आत असल्यामुळं कर नाही, रिटर्नही नाही.

लेक खूश झाली आणि लगेच आजोबांवर गेली. “मग मीपण याची एफडी करते.”

आता पुढचं सांगणं भाग होतं. कमाई तिची, पण ती कमाई बँकेत ठेवून जे व्याज येईल ते कसबाचं नाही. व्याज काही मेंदी काढून येत नाही. ते आईच्या उत्पन्नात जाणार.

तिनं क्षणभर विचार केला. “म्हणजे मेंदी माझी आणि रंग आईचा?”

सीएला मी हे वाक्य नंतर ऐकवलं. तो म्हणाला, इतकं नेमकं त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. सरकारची गंमत अशी, की बालकलाकारांसाठी बालकामगार कायद्याखाली २०१७ मध्ये नियम झाले, त्यात मुलाच्या कमाईतले निदान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकणं सक्तीचं आहे. नियम चांगलाच आहे, पोरांच्या जिवावर घरं बांधणारे पालक मी पाहिलेत. पण एक खातं म्हणतं पोराच्या नावानं पावती करा, आणि दुसरं खातं म्हणतं तिचं व्याज आई-बापाच्या नावानं दाखवा.

मामांना सगळं फोनवर सांगितलं. मुनीम माणूस, त्यांनी आकडे दोनदा वदवून घेतले. मला पलीकडून पेन्सिलीचा आवाज आल्यासारखा वाटला.

“आणि बारशाला, वाढदिवसाला लोकांनी दिलेले?”

जवळच्या नातेवाइकानं कितीही द्यावं, भेट म्हणून माफ. बाकीच्यांचं मिळून वर्षाला पन्नास हजारांपर्यंत. पण जवळचा कोण, हे कायदा ठरवतो. सख्खा मामा, सख्खी मावशी, काका, आत्या, आजी-आजोबा चालतात. चुलत मामा चालत नाही. औसा तालुक्यातलं मामांचं अख्खं गाव आमच्या पोरांचं मामा लागतं, हे प्राप्तिकर खात्याला मान्य नाही. लग्नातले आहेर माफ, बारशातले नाहीत.

“शेतीचं तरी बरं की,” मामा म्हणाले. “करमुक्त.”

करमुक्त आहेच. पण त्याला आधी उत्पन्न यावं लागतं. २०२५ च्या सप्टेंबरात नांदेड-लातूरकडं जो पाऊस झाला, त्यात कितीतरी सोयाबीन रानातच कुजलं; त्याचं रिटर्न कुठं भरायचं?

मामांचा खरा प्रश्न पुढचा होता. त्यांना आता नातीच्या नावानं तशीच दोन लाखांची पावती करायची होती. ती केली तर आणखी चौदा हजार पत्नीच्या डोक्यावर, आणि वेशीबाहेरचं पाऊल आणखी लांब. मी सीएला विचारलं, काही मार्ग? तो बराच वेळ खुर्चीत झुलला आणि म्हणाला, “आहे. एकदम स्वच्छ आहे. सासऱ्यानं सुनेला पैसे दिले तर त्याचं उत्पन्न सासऱ्याच्या डोक्यावर येतं. नवऱ्यानं बायकोला दिले तर नवऱ्याच्या. पण सासऱ्यानं जावयाला दिले तर कायदा काही म्हणत नाही. भेट माफ, कारण बायकोचे वडील नातेवाईक. व्याज जावयाचं. आणि तुमचं उत्पन्न...” इथं तो सभ्यपणे थांबला. “तुमच्या उत्पन्नात चौदा हजार मिळवले तरी कर शून्यच.”

कायदे करणाऱ्यांनी पोरावर संशय घेतला, बायकोवर घेतला, सुनेवर घेतला. भारतवर्षात एकटा जावई त्यांना विश्वासाचा वाटला. मला गहिवरून आलं. त्याच संध्याकाळी मी लातूरला फोन लावला आणि मामांना कलमासकट सगळं समजावून सांगितलं. दोन लाखांची नवी पावती माझ्या नावानं करायची, व्याज दरवर्षी नातीलाच द्यायचं, कर एक रुपया नाही.

“तुमच्या नावानं?” मामा म्हणाले.

“माझ्या.”

“नातीच्या नावानं केली तर टॅक्स किती म्हणलाव?”

“सगळंच व्याज जाईल, मामा. उपकर धरला तर वर आपल्याच पदरचे शे-पाचशे जातील.”

“मग काय लई न्हाई,” मामा म्हणाले. “नातीच्याच नावानं करतो. भरून टाका.”